डिस्चार्जनंतरचा हिशेब

वेरूळच्या रस्त्यावर, दौलताबादचा दिल्ली दरवाजा किंवा त्यापुढचा घाट, कुठेही दुचाकी घसरून डोक्याला मार लागला की जखमीला संभाजीनगरला हलवतात, बहुतेक वेळा घाटीत. शासकीय रुग्णालयाला इथे सगळे घाटीच म्हणतात. ऑपरेशन होतं, जीव वाचतो, काही आठवड्यांनी डिस्चार्ज कार्ड हातात पडतं आणि गावभर होतं, ‘बरा झाला, घरी आणला.’ पहिला गैरसमज हाच.

डिस्चार्ज म्हणजे जिवावरचं संकट टळलं, एवढंच. मेंदूला फार सूज असेल तर सर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवतात. अनेकदा तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली सांभाळला जातो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा बसवतात. म्हणजे माणूस घरी येतो तो डोक्याची एक बाजू खोलगट घेऊन, आणि दुसरं ऑपरेशन बाकी ठेवून. नाकात अन्नाची नळी, कधी गळ्याला छिद्र. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सांधे रोज हलवायचे, नाहीतर ते आखडतात. डायपर, हवेची गादी, सक्शन मशीन, घरी येणारा फिजिओ, रात्रीला बसणारे ‘मामा’ म्हणजे पगारी मदतनीस, सगळ्याला रोख पैसे लागतात. आणि बायको किंवा भाऊ काम सोडून उशाशी बसतो, त्याच्या बुडालेल्या मजुरीचं तर बिलच निघत नाही.

‘महात्मा फुले योजनेत सगळं बसतं.’ राज्याची ही आरोग्य योजना मोठी आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. 2025पासून केंद्राची रस्ते अपघातांसाठीची कॅशलेस योजनाही आहे, पहिल्या 7 दिवसांसाठी दीड लाखापर्यंत. पण दोन्हींचा रोख रुग्णालयातल्या खाटेवर आहे. घरातल्या खाटेचा खर्च बहुतांशी घरच्यांच्याच अंगावर पडतो.

‘सीटी नॉर्मल आहे, म्हणजे डोक्याला काही नाही.’ सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटले असतील तर ते पुष्कळदा दिसत नाहीत. ज्याला ‘सौम्य’ दुखापत म्हणतात तीही पहिल्या काही तासांतल्या शुद्धीवरून ठरते. तो माणूस पुन्हा दुकानाचा गल्ला सांभाळेल का, हे त्यातून कळत नाही. शांत माणूस ताटावरून उठून भांडतो, पाहुण्यांसमोर नको ते बोलतो, तीच गोष्ट चारदा विचारतो. घरचे म्हणतात नाटकं करतोय. शेजारी म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाकडे न्या. बिघाड कपाळामागच्या मेंदूत असतो. वागणं सावरणारा हा भाग दुखावला की असंच होतं. यावर ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, समुपदेशन लागतं आणि गावात ते मिळत नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955पासून आहे, पण तिथे महिनोन्महिने राहायचं कुणी आणि कुठे?

मेंदूच्या ‘ताकदी’च्या गोळ्यांवर मात्र पैसा सहज निघतो. यातलं सिटिकोलीन फार लिहिलं जातं. अमेरिकेत 1,213 रुग्णांवर 90 दिवस ते वापरून पाहिलं. 2012मध्ये निष्कर्ष आला की औषधाविना असलेल्या रुग्णांपेक्षा काहीच जास्त सुधारणा नाही. तेच पैसे फिजिओला द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात चिठ्ठीतलं कुठलंही औषध, विशेषतः फिटची गोळी, डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

‘सहा महिन्यांत झालं ते झालं.’ सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो, हे खरं. पुढे ती मंदावते, थांबतेच असं नाही. दोन वर्षांनंतरही फरक पडलेले रुग्ण आहेत. पण सगळी जमीन पहिल्याच वर्षात विकली, तर त्या संथ सुधारणेसाठी हातात काही उरत नाही.

आता भरपाई. गावात लोक पन्नास हजारांत मिटवून मोकळे होतात. हरियाणात 2007मध्ये ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या एका 12 वर्षांच्या मुलीला ट्रकने उडवलं, तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायाधिकरणाने सुमारे 11 लाख दिले, उच्च न्यायालयाने पावणेसव्वीस. फेब्रुवारी 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 62 लाख 27 हजारांवर नेले; त्यात निव्वळ सांभाळणाऱ्या माणसांचे 21 लाख 60 हजार होते. म्हणजे मामांचा पगारही कायद्याच्या हिशेबात बसतो. दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, त्यामुळे घाई दाव्याची करावी, तडजोडीची नको.

अपंगत्वाच्या टक्केवारीवर सगळं ठरतं, हाही गैरसमजच. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा स्वतंत्र नाही. चालणं, बोलणं, बुद्धी यांत काय कमी उरलं त्यावरून प्रमाणपत्र मिळतं. पण कमाई किती बुडाली हा वेगळा प्रश्न आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्येच सांगितलंय. हात-पाय धड असलेला ड्रायव्हर लक्षच टिकवू शकत नसेल, तर त्याचा धंदा बुडालाच. आणि दाव्यात खर्च दाखवायला कागद लागतो, म्हणून फिजिओकडून पावती मागा. मामांचीही सही असलेला कागद ठेवा.

आणि स्वतःच घसरून पडला असेल तर? ‘मग काहीच मिळत नाही’ असं सर्रास सांगतात. गाडीमालक परवाना घेऊन स्वतः चालवत असेल, तर 15 लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कवच असतं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ते लागू होतं. विम्याचा कागद डिकीतून काढून आधी ती ओळ शोधा.