जुन्या मोटारींचा विनापरवाना व्यापार

काष्टी किंवा घोडेगावच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. परंतु सौदा पटल्यावर खरेदीची पावती करावी लागते. लाखो रुपयांच्या जुन्या मोटारीचा व्यवहार मात्र पुष्कळदा अशा नोंदीवाचूनच पुरा झाला असे मानले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) दूध, कांदा व भाजीपाला वाहून नेण्यासाठी जुना टेम्पो किंवा पिकअप घेणारा शेतकरी आणि कुटुंबासाठी जुनी मोटार घेणारा नोकरदार, या दोघांनीही या व्यापाराची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

मालक गाडी दलालाच्या स्वाधीन करतो, नमुना २९ व ३० च्या कोऱ्या अर्जांवर, म्हणजे बोलीभाषेतील ‘टीटी फॉर्म’वर, सह्या करतो आणि रोख रक्कम घेऊन निर्धास्त होतो. दलाल ती गाडी स्वतःच्या नावावर करीत नाही. कोरे अर्ज गाडीबरोबरच पुढच्या हाती जातात, तेथून आणखी पुढे. परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी मालक मात्र पहिलाच राहतो. दंडाची चलने त्याच्याच नावे निघतात, आणि गाडी गुन्ह्यात सापडल्यास पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ज्याच्या नावे नोंदणी तो मालक. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची वर्दी द्यावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकालात काढलेल्या एका प्रकरणात, २००७ मध्ये विकलेली मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. २००९ मध्ये तिने झालेल्या अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच आले. गाडी विकून जवळजवळ दोन वर्षे लोटली होती, ही सबब चालली नाही.

मधल्या दलालाला कायद्याच्या कक्षेत आणण्याचे काम केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून पाच वर्षांचे प्राधिकारपत्र घेतले पाहिजे. गाडी ताब्यात देताच मालक व विक्रेता यांनी नमुना २९-सी मध्ये ऑनलाइन वर्दी द्यावयाची. त्यानंतर विक्रेता हाच त्या गाडीचा मालक मानला जातो. ताब्यातील गाडी त्याने केवळ गिऱ्हाइकाला दाखविणे, दुरुस्ती, रंगकाम वा तपासणी एवढ्याचसाठी रस्त्यावर आणावी व प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी, असेही बंधन आहे.

केवळ धाडी घालून हा व्यापार आटोक्यात येईल, असे आम्हांस वाटत नाही. त्याचा आधार कोरी सही हा आहे, आणि ती देणे न देणे विकणाऱ्याच्या हाती आहे. २९-सी ची पोच मिळाल्याशिवाय किल्ली द्यावयाची नाही, एवढा आग्रह धरला तरी प्राधिकारपत्र नसलेल्या दलालाची अडचण होते. सौद्यास साक्षीदार म्हणून ज्यांना बोलावले जाते, त्या शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी विक्रेत्याचे प्राधिकारपत्र, आरसी बुकावरील बँकेच्या कर्जाचा बोजा आणि विमा या तीन बाबी आधी पाहाव्यात. विमा नव्या मालकाच्या नावे करून घेण्यासाठीही १४ दिवसांचीच मुदत आहे. ज्यांनी पूर्वीच कोऱ्या सह्या देऊन गाडी विकली आहे, त्यांनी आपल्या नावावर आजही ती आहे काय, याची चौकशी अहिल्यानगर किंवा श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयात करावी.