बालकांचा लठ्ठपणा : प्रतिबंध सांघिक प्रयत्नांतूनच

बालकाचे अतिरिक्त वजन हे सुदृढतेचे लक्षण नसून कुपोषणाचेच दुसरे रूप होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्याच वेळी सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. हे दोन्ही प्रश्न एकत्रच हाताळावयाचे आहेत.

जामनेरसारख्या ग्रामीण तालुक्यात त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करते. उंची व वजनाची नोंद वय-लिंगानुसार पडताळून वैद्यकीय अधिकाऱ्याने निदान करावे. आहाराचा सल्ला आहारतज्ज्ञाने द्यावा. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविकेने गृहभेटीत त्याचा पाठपुरावा करावा. वाढत्या मुलास उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. गोड पेये व तळलेल्या पाकीटबंद पदार्थांऐवजी कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी हा खानदेशचा परिचित आहारच हितकर ठरतो.

शिक्षकांनी मुलांना दररोज तासभर खेळ मिळेल असे पाहावे. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई आहे. तिकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे.

तपासणीची नोंद दप्तरातच राहिली, तर हे सारे श्रम व्यर्थ होत. ती डॉक्टरांकडून सेविकेकडे, शिक्षकांकडे व पालकांकडे वेळेवर पोहोचणे, यातच या कार्याचे यश सामावलेले आहे.