टायरगाडीस ब्रेक : जड ओझ्याची सुरक्षित वाहतूक

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की फडापासून कारखान्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागते. पूर्वी या गाड्यांना लोखंडी धाव चढविलेली लाकडी चाके असत. आता त्यांची जागा बहुतेक ठिकाणी हवेच्या टायरांनी घेतली आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपला हवेचा टायर तयार केला. त्यांच्या नावाने निघणाऱ्या टायरांवरून या गाडीस ‘डनलॉप गाडी’ असेही म्हणतात. टायरगाडी ओढण्यास हलकी, रस्त्याची नासधूस न करणारी व अधिक माल वाहणारी आहे. परंतु जी गाडी ओढण्यास हलकी, ती थांबविण्यास जड, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊन बैल कोलमडतात, माणसे चाकाखाली सापडतात, आणि वर्षाच्या कमाईचे साधन क्षणात नष्ट होते. यावर उपाय म्हणजे गाडीस चांगला ब्रेक बसविणे हा होय.

उतारावर काय घडते?

गाडी व माल मिळून वजन २,००० किलो आहे असे समजू. सपाट कच्च्या रस्त्यावर लोखंडी धावेच्या गाडीस वजनाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ८० किलो ओढ लागते असे धरले, तर चांगल्या रस्त्यावर टायरगाडीस पन्नासाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ४० किलो ओढ पुरते. प्रत्येकी ४०० किलो वजनाच्या दोन बैलांची जोडी आपल्या वजनाच्या सुमारे एकदशांश, म्हणजे ८० किलो ओढ दिवसभर देऊ शकते. त्यामुळे टायरगाडी बैलांना सुखाची वाटते.

आता हीच गाडी २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर आली असे पाहू. गाडीचे वजन तिला १०० किलो जोराने पुढे लोटते. लोखंडी धावेच्या गाडीत त्यांतील ८० किलो जोर चाकांच्या घर्षणातच खर्च होतो व बैलांना केवळ २० किलो जोर अडवावा लागतो. टायरगाडीत घर्षण ४० किलोच असल्यामुळे बैलांवर ६० किलो जोर येतो, म्हणजे तिप्पट. गाडी हलकी चालते म्हणून वजन ३,००० किलोपर्यंत वाढविले, तर हा जोर ९० किलो होतो. बैल पुढे जेवढे ओढू शकतो त्याहून हा जोर अधिक आहे. शिवाय बैलाचा खांदा ओढण्यासाठी असतो, मागे रेटण्यासाठी नव्हे. उतारावर जू खांद्यावरून पुढे शिंगांकडे सरकते, गळ्याखालची सापती आवळते, बैलाचा श्वास कोंडतो व पाय घसरतात. उसाचा ढीग उंच रचलेला असेल, तर त्याचा तोल पुढे येऊन मानेवरचा दाबही वाढतो.

ब्रेकचे दोन प्रकार

पहिला प्रकार ठोकळ्याच्या ब्रेकचा. दोन्ही चाकांच्या मागे, आसाच्या उंचीवर, साटीच्या खालून एक मजबूत आडवे लाकूड टांगावे. त्याच्या दोन्ही टोकांस चाकांसमोर लाकडी ठोकळे बसवावेत. आडव्या लाकडाच्या बरोबर मध्यावर लोखंडी सळई जोडून ती गाडीवानाजवळच्या दांड्यापर्यंत न्यावी. दांडा ओढला की लाकूड पुढे येऊन दोन्ही ठोकळे चाकांवर एकदम दाबले जातात. सळई मध्यावरच जोडणे महत्त्वाचे आहे. ती एका बाजूस असेल तर एकच चाक अडते, गाडी त्या बाजूस वळते व जू वाकडे होऊन एका बैलावर सर्व भार पडतो. दांडा सोडताच ठोकळे दूर जावेत यासाठी एक स्प्रिंग लावावी. सुटलेल्या स्थितीत चाक व ठोकळा यांत सुमारे १ सेंटिमीटर अंतर राहावे.

हा ब्रेक गावच्या सुतार-लोहारास करता येतो व त्यास खर्च थोडा येतो. मात्र त्याने टायर झिजतो, आणि चिखलपाण्यात त्याची पकड बरीच कमी होते.

दुसरा प्रकार ड्रम ब्रेकचा. यात चाकाच्या तुंब्यास लोखंडी ड्रम असतो व त्याच्या आतून अस्तर लावलेले दोन जबडे फाकून ड्रमवर दाबतात. टायर झिजत नाही व धूळ, चिखल आत सहसा जात नाही. ज्या गाडीस जुन्या मोटारीचा आस बसविलेला असेल, तिचे ड्रम शाबूत आहेत काय हे प्रथम पाहावे. असल्यास सळई किंवा तारेने ओढण्याची योजना जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. नित्य जड ओझे वाहणाऱ्या व घाटवाटेने जाणाऱ्या गाडीस हाच प्रकार योग्य होय.

दांड्याचा हिशेब

वरील उदाहरणात ६० किलो जोर अडवावयाचा आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर ३० किलो. कोरड्या टायरवर लाकडाचे घर्षण दाबाच्या चार-दशांश धरल्यास प्रत्येक ठोकळा ७५ किलो दाबाने बसावा लागतो. दोहोंचा मिळून दाब १५० किलो झाला. दांडा असा करावा की हाताकडील भुजा सळईकडील भुजेच्या दहापट लांब असेल. म्हणजे गाडीवानास १५ किलो जोर लावून काम भागते. टायर ओला होऊन पकड निम्मी झाली, तरी ३० किलो जोर माणूस लावू शकतो. भुजा पाचपटच ठेवल्यास ओल्या रस्त्यावर ६० किलो जोर लागेल, व तो ऐन वेळी लागणार नाही. वजन दीडपट झाल्यास हे सर्व आकडे दीडपटीहून कमी धरू नयेत.

गाडीवान उतारावर बहुधा खाली उतरून बैलांबरोबर चालतो. म्हणून दांडा बाजूने, जमिनीवरूनही हाती येईल असा असावा, व तो ओढल्या जागी अडकून राहावा यासाठी दात पाडलेली पट्टी लावावी.

चाचणी व वापर

ब्रेक बसविल्यावर एकदम भरलेली गाडी उतारावर नेऊ नये. प्रथम रिकामी गाडी सपाट जागी उभी करून ब्रेक लावावा व दोघांनी ढकलून पाहावे. चाके फिरता कामा नयेत. नंतर निम्मे ओझे भरून सौम्य उतारावर व शेवटी पूर्ण ओझ्यानिशी चाचणी घ्यावी.

ब्रेक उतार सुरू होण्यापूर्वीच लावावा. गाडीने वेग घेतल्यावर लावलेल्या ब्रेकचा उपयोग थोडा, कारण वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यास चौपट अंतर लागते. चाक पूर्ण जखडू नये. ते सावकाश फिरत राहील इतकाच दाब द्यावा. जखडलेले चाक घसरते व टायर एकाच जागी झिजतो. लांब उतारावर मध्ये थांबून, चाकांपुढे दगड लावून, ठोकळे किंवा ड्रम निवू द्यावेत. उतार संपताच ब्रेक न विसरता सोडावा. अर्धवट लागलेला ब्रेक चढावर बैलांचा जीव घेतो. ठोकळ्यांची झीज, खिळी, सळईचे जोड व दोन्ही टायरांतील हवा आठवड्यातून एकदा तरी तपासावी.

ओझ्याची मर्यादा

ब्रेक उतारावर साहाय्य करतो, चढावर नाही. २,००० किलोची टायरगाडी वर सांगितलेल्याच रस्त्याने वर नेण्यास १४० किलो ओढ लागते. ३,००० किलोस २१० किलो. म्हणून वाटेत चढ असेल तर ओझे चढाच्या मानाने ठरवावे किंवा तेथे दुसरी जोडी जुंपावी. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी जनावराचा आकार व चाकाचा प्रकार पाहून ओझ्याची मर्यादा घालून दिली आहे. त्याच नियमांप्रमाणे जनावरास दिवसात ९ तासांहून अधिक व विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक जुंपता येत नाही. तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपण्यास मनाई आहे. ब्रेक बसविल्याने यांतील कोणतीही मर्यादा वाढत नाही.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी आपल्या गावातील टायरगाड्या पाहाव्यात, सुतार-लोहारांना एकत्र बोलावून एका गाडीस ब्रेक बसवून घ्यावा व तो गावकऱ्यांसमक्ष उतारावर चालवून दाखवावा. भरलेली गाडी उतारावर संथपणे उतरताना आणि बैल सैल मानेने चालताना एकदा पाहिले की शेतकऱ्यास अधिक सांगावे लागत नाही.