शिवेवरची पांढरी रेघ

दोन गावांच्या शिवेवर हातभर जागा मोकळी दिसली की 'ही कोणाची?' हा प्रश्न लागलीच उभा राहतो. मग ती जागा जमिनीवर असो वा कागदावर. गावाच्या स्मरणिकेसाठी संगणकावर नकाशा सिद्ध करताना आम्हांलाही तो पडला. शेजारशेजारची दोन गावे दोन रंगांत रंगविली, तो त्यांच्यामध्ये एक बारीक पांढरी रेघ उमटली! मंडळींपैकी एकाने सुचविले, "एका गावाची शीव किंचित पुढे सरकवा, म्हणजे फट बुजेल." सूचना सोपी होती, पण ती मानली असती तर आमच्या हातून खोटा नकाशा निपजला असता.

आम्ही वापरीत होतो ते क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर. गॅरी शर्मन यांनी २००२ साली त्याचा प्रारंभ केला व २००९ च्या जानेवारीत त्याची १.० ही आवृत्ती निघाली. ते विनामूल्य मिळते आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते.

रेघेचे कारण असे. पडद्यावरील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे असते. तिरपी शीव एखाद्या ठिपक्याच्या मधून गेली, तर कडा दातेरी दिसू नये म्हणून तो ठिपका अर्धवट रंगविला जातो. पहिल्या गावाचा रंग अर्धा चढतो. अर्धा पांढरा उरतो. त्यावर दुसऱ्या गावाचा रंग अर्धा चढला, की त्या पांढऱ्यातलाही अर्धाच झाकला जातो. म्हणजे २५ टक्के पांढरा शिल्लक! असे ठिपके ओळीने आले की डोळ्यांना रेघ दिसते. मूळ मोजणीत मात्र फट नसतेच.

खरी फट व भासमान फट ओळखण्याची युक्ती सोपी आहे. नकाशा मोठा करीत जावे. खरी फट रुंदावत जाते. भासमान रेघ होती तेवढीच बारीक राहते. याखेरीज क्षेत्रांमध्ये मोकळी जागा आहे काय, हे तपासण्याची सोयही या सॉफ्टवेअरमध्ये आहे. खरी फट आढळली, तर मूळ दप्तराशी ताडून दुरुस्ती करावी. भासच असेल, तर प्रत्येक क्षेत्राला त्याच्याच रंगाची बारीक किनार द्यावी. कडा मऊ करण्याची सोय बंद केल्यानेही रेघ जाते. पण मग साऱ्याच रेषा दातेरी दिसू लागतात.

नकाशा पडद्यावरून पार नाहीसा झाला, तरी हेच तारतम्य ठेवावे. बेळगावचे रेखांश सुमारे ७४.५ व अक्षांश सुमारे १५.९. हे अंश मीटर म्हणून वाचले गेले, तर बेळगाव थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात जाऊन पडते! तेथे आकडे न बदलता त्यांची निर्देशांक-पद्धती नीट सांगावी. ग्राफिक्स कार्डाला दोष देण्याचीही घाई नको. साधा सपाट नकाशा मुख्यतः संगणकाचा प्रोसेसरच रेखाटतो. त्रिमितीय देखावा काळा पडला, तर मात्र कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहावा.

आरशावर डाग पडला, तर आपण आरसा पुसतो; तोंड खरवडीत नाही. आमच्या स्मरणिकेतील ती रेघ केसाएवढ्या किनारीने गेली. शीव होती तेथेच राहिली.