डिस्चार्जनंतरचे चाळीस दिवस

बंद बाथरूममधला गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइड कसा सोडतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज, त्यातून वाचलेल्यांचं पुढे काय होतं ते पाहू.

जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी आंघोळीला गेली आणि बेशुद्धावस्थेत सापडली; काही दिवसांनी रुग्णालयात ती गेली. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गीझरवरच गेला. पण दार तोडून वेळेत बाहेर काढलेल्या माणसाची बातमी होत नाही. दोन दिवसांत तो चालत घरी येतो, शेजारीपाजारी ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतात आणि विषय मिटतो. मला काळजी वाटते ती इथेच.

रक्त लवकर स्वच्छ होतं. हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, तरी मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला की सव्वा-दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. साध्या हवेत त्याला चार-पाच तास लागतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. त्याला या दोन वायूंतला फरक कळत नाही. विषबाधा झालेली असतानाही तो 98 दाखवू शकतो.

मेंदूचं गणित वेगळं आहे. काही जणांत पूर्ण शुद्धीवर आल्यानंतर दोन ते चाळीस दिवसांनी, बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण झिजू लागतं. हालचाल सांभाळणाऱ्या आतल्या भागांनाही इजा झालेली असू शकते. घरात ते असं दिसतं: कुकर लावलाय हेच बाई विसरते. रोजचं स्टेशन येतं, पण उतरायचं सुचत नाही. पावलं आखूड पडतात, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, लघवीवर ताबा राहत नाही. घरचे म्हणतात, धसका घेतलाय. वय साठीपुढचं असेल तर ‘आता व्हायचंच’ म्हणून सोडून देतात. मधल्या चांगल्या पंधरवड्यामुळे गीझरची आठवणच कुणाला येत नाही, आणि डॉक्टरांना ती सांगितली जात नाही.

आशेला जागा आहे, आणि ती पोकळ नाही. कोरियात कोळशाच्या विटांवर घरं तापवायची पद्धत होती, त्यामुळे तिथे असे रुग्ण खूप. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, उशिरा लक्षणं आलेल्या आणि पुढे तपासता आलेल्या 36 जणांपैकी 27 वर्षभरात सावरले. उरलेल्यांच्या घरांसाठी मात्र ही आकडेवारी दिलासा नव्हे. बराच वेळ बेशुद्ध राहिलेल्यांना आणि वयस्करांना धोका अधिक. क्षणभर भोवळ येऊन बाहेर पडलेले तरुण बहुतेक ठणठणीत होतात.

उच्च दाबाच्या कक्षात प्राणवायू देण्याचा फायदा होतो का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. 2002 च्या एका अमेरिकी चाचणीत सहा आठवड्यांनी स्मरण-आकलनाच्या तक्रारी असे उपचार घेतलेल्यांत 25 टक्के आणि इतरांत 46 टक्के आढळल्या. पुढच्या सगळ्या चाचण्यांनी तसा कौल दिला नाही. हृदयाचं तर आपण विसरूनच जातो. मिनियापोलिसच्या 230 रुग्णांत 37 टक्क्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झालेली होती, आणि पुढच्या वर्षांत त्यांच्यातले मृत्यूही जास्त होते. म्हणून ईसीजी आणि ट्रोपोनिनची चाचणी झाली का, हे डिस्चार्ज घेण्याआधीच विचारा. बाई गरोदर असेल तर आधी सांगा. बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षा सावकाश निघतो.

घरी आल्यावर दीड महिना कुणीतरी एकाने लक्ष ठेवायचं. चालणं, बोलणं, हिशेब, झोप यांत फरक दिसला की मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचं आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं: ‘अमुक तारखेला बाथरूममध्ये गॅस लागला होता.’ त्यावरूनच एमआरआय कधी करायचा आणि त्यात काय शोधायचं, हे ठरतं.

पुढच्या आठवड्यात गीझर बाथरूमबाहेर बसवताना काय पाहायचं, ते.