कुंडलिकेच्या उसळत्या पाण्यात

नाथसागर जलाशयाचे संथ पाणी ज्यांच्या तालुक्याच्या शिवाराला येऊन भिडते, त्या आम्हां शेवगावकरांना उसळत्या प्रवाहाचा अनुभव सहकुटुंब घ्यावयाचा झाल्यास रायगड जिल्ह्यातील कोलाडनजीकची कुंडलिका नदीच गाठावी, असे माझे ठाम मत आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजगृहात येते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते; म्हणूनच ऐन उन्हाळ्यातही सकाळच्या प्रहरी ही नदी वेगाने वाहते. (1921 साली ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि आपल्याच जिल्ह्यातील पारनेरच्या सेनापती बापटांनी ज्याचे नेतृत्व केले, ते हेच धरण, याचे विस्मरण होऊ नये.) प्रवाहाची काठिण्यश्रेणी सहापैकी दोन ते तीन असल्याने, लाइफ जॅकेट व हेल्मेट घालून आणि मार्गदर्शकाचा प्रत्येक हुकूम तंतोतंत पाळून, नवशिक्यासही हवा भरलेल्या रबरी होडीतून निर्धास्त उतरता येते. पाण्यात पडल्यास उभे राहण्याची धडपड न करता पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवून उताणे तरंगावे, कारण खडकांच्या फटीत पाय अडकणे हा मोठा धोका होय. बहुतेक आयोजक 14 वर्षांखालील मुलांस घेत नाहीत. त्याबाबत हुज्जत घालू नये, आणि त्या दिवशी पाणी सुटणार की नाही, याची आगाऊ चौकशी केल्यावाचून घर सोडू नये.