प्लगचा गॅप : ठिणगीला किती जागा द्यावी?

यवतमाळहून नागपूरला मोटारीने जायला साधारण तीन तास लागतात. इंजिन मिनिटाला सरासरी 2500 फेरे घेतं असं धरलं, तर चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत तेवढ्या वेळात नऊ लाख ठिणग्या पडतात. एकेका प्लगच्या वाट्याला सव्वादोन लाख. यातली प्रत्येक ठिणगी ज्या फटीवरून उडी मारते, ती जेमतेम एक मिलिमीटरची. हाच प्लगचा गॅप. इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल, तर मालकाने त्याकडे बघायचं कारण सहसा पडत नाही. पण टर्बो बसवला, कॉम्प्रेशन वाढवलं किंवा गॅस किट लावलं, की गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर विसंबून भागत नाही.

याचं कारण 1889 साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी प्रयोगातून दाखवलं. वायूतून ठिणगी पाडायला किती व्होल्ट लागतील, हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. उघड्या हवेत मिलिमीटरभर फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून कोंडलेलं असतं, तिथे तेवढ्याच फटीला दहा-वीस हजार लागतात. आता टर्बोने अर्धा बार बूस्ट दिला, तर सिलिंडरमध्ये जवळपास दीडपट हवा जाते आणि व्होल्टची मागणीही त्याच अंदाजाने चढते. हे व्होल्ट पुरवणारी कॉइल मात्र जुनीच. दाब वाढला तर रुंदी कमी करायची, एवढाच हिशेब. म्हणून 1.1 मिमीचा गॅप अशा इंजिनात 0.8 किंवा 0.7 वर आणतात.

नाही आणला तर काय होतं? गाडी उभी असताना तक्रार नसते, सपाट रस्त्यावरही नसते. पुसदकडच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी मिसिंग करते, झटके खाते. मग पेट्रोल पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळं तपासून होतं आणि प्लग शेवटी उघडला जातो. खरं तर तो आधी उघडायला हवा.

मग गॅप आणखी बारीक का करू नये? कारण ठिणगीभोवती पेटलेला ज्वालेचा कण सुरुवातीला फार लहान असतो. दोन्ही बाजूंचा धातू त्याची उष्णता ओढून घेतो आणि फट फारच अरुंद असेल तर तो विझतो. इंजिन आयडलला थरथरतं. कॉइलला पेलेल तेवढा मोठा गॅप ठेवावा, हेच मला शहाणपणाचं वाटतं. सीएनजी-एलपीजीवर ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तिथे सहसा 0.1 ते 0.2 मिमीने कमी ठेवतात.

यवतमाळच्या उन्हाळ्याची इथे एक गंमत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात. म्हणजे हवा विरळ. विरळ हवेत ठिणगी पाडायला उलट थोडे कमीच व्होल्ट लागतात. पण तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे बॉनेटखाली भाजून निघालेली कॉइलच दुपारी कमी पडते. उन्हाळ्यात मिसिंग सुरू झालं तर गॅपबरोबर कॉइलही तपासा.

पॉइंटवाल्या इग्निशनच्या जमान्यात कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांना 0.6 मिमीच्या आसपास गॅप चालायचा. मिस्त्रीच्या भाषेत पंचवीस थाऊ, म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश. हेक्सॉ ब्लेडची जाडीही जवळपास तेवढीच असल्यामुळे फिलर गेज हाताशी नसला तर ब्लेड फटीत सरकवून बघितलं जाई. आजच्या इरिडियम प्लगवर हा प्रयोग करू नये. त्याच्या मधल्या इलेक्ट्रोडचं टोक 0.4 ते 0.6 मिमी जाडीचं असतं. इरिडियम 2400 अंशांच्या पुढे वितळतो, पण आडवा जोर लागला तर ते टोक तुटतं. गॅप तारेच्या गेजने मोजावा आणि फक्त बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड हलवावा. कमी करायचा असेल तर तो लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवायचा. वाढवायचा असेल तर मधल्या इलेक्ट्रोडचा आधार घेऊन उचकटायचं नाही. गेज किंचित घासत सरकला की काम झालं. प्लग काढायचा तो इंजिन थंड झाल्यावर आणि भोवतालची धूळ फुंकून, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, वाहतुकीत गॅप बदलतो. जमिनीवर पडलेला प्लग लावूच नये.

ज्वाला लवकर पसरावी म्हणून पुण्याच्या बजाज ऑटोने वेगळी वाट काढली. 2003 मध्ये पल्सरच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले. त्या तंत्राच्या पेटंटवरून टीव्हीएसशी झालेला वाद 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

गॅप बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ज्या बदलापायी तो कमी करावा लागतो, त्याला कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल करता येत नाही, आणि गॅस किटसुद्धा मान्यताप्राप्त असावं लागतं व त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. यवतमाळच्या एमएच-29 नंबरच्या गाडीलाही हाच नियम.